रोज सकाळी विचारणारी पाटी

प्रिय मास्तरीणबाई,

पाकीट बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग लेकीला म्हणशील, रोज फोनवर तोंड दिसतं तरी या माणसाला टपाल कशाला सुचलं? सुचलं खरं. यापूर्वी तुला पत्र लिहिलं तेव्हा लेक पाळण्यात होती आणि तू तुझ्या आईकडे होतीस. माझी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ जिथे चुकेल तिथे मनातल्या मनात दुरुस्त कर, पेन्सिल घेऊन बसू नकोस. पत्र बरंच लांबणार आहे. एका बैठकीत वाचू नकोस, बसून बसून खुबा दुखेल.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पानं उलटून शेवट आधी वाचशील. तू घरी यावंस असं मला वाटतं. मागच्या आठवड्यात लेक फोनवर म्हणाली की आई आता इथेच राहील, बाबा, तुम्हीही दुकान आवरा आणि या. इथे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे, तिथे त्या जिन्यात जीव घालवायचा आहे का? तिचं काही चूक नाही. जिन्यावरून तू पडलीस तेव्हा तो आवाज मी ऐकलाय, तिने नाही. पण मग ती म्हणाली, काय गं आई, आणि तू मागून म्हणालीस, "बघू." इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून मी हो ऐकलं, नाही ऐकलं, डोंबल तुमचं हेही ऐकलं. बघू कधी ऐकलं नव्हतं. तो शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा बसलाय.

आता तुझ्या शिवणक्लासची हकीकत. ती तुला अर्धीच माहीत आहे, कारण फोनच्या त्या चौकोनात जेवढं मावतं तेवढंच तुला दिसतं. लेकीकडे न्यायला गाडीत तुला आडवं घातलं तेव्हा दुखण्याने तुझा चेहरा पांढरा पडला होता आणि तरी तू माझी बाही धरून म्हणालीस, "क्लास बंद पडू द्यायचा नाही." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं. जावईबापूंनी जाण्यापूर्वी मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून दिला, त्यावरची अक्षरं माझ्यासाठी मराठी करून दिली आणि तुझ्या नमुन्यांची ती काळी हार्ड डिस्क जोडून दिली. साबणाच्या वडीएवढी डबी, आणि तिच्यात तुझ्या हातचे सगळे कागदी नमुने. लेकीने एकेकाचा फोटो काढून भरले नसते तर घड्यांवर फाटून कधीच गेले असते. ठरलं असं की मुली रोज येऊन बसतील, तू पडद्यावरून शिकवशील, आणि मी डबीतून त्या दिवसाचा नमुना उघडून छापून देईन. बाकी काही करायचं नाही. लेक म्हणाली, बाबा, एवढं तर जमेल ना.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला आणि सगळा पडदा अंधारला. मधोमध एक पाटी आली. अज्ञात प्रकाशकाकडील या अ‍ॅपला तुमच्या डिव्हाइसमध्ये बदल करण्याची परवानगी द्यायची का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. मी ती पाटी तीनदा वाचली. अज्ञात, म्हणजे हा कोण ते त्या मशीनलाही माहीत नाही. बदल करणार, पण काय ते सांगत नाही. आणि परवानगी मी द्यायची.

तुला माझा धंदा माहीत आहे. कुलूप उघडून द्या म्हणून कोणी आलं की मी आधी शेजाऱ्याचं दार वाजवतो आणि विचारतो, या माणसाला ओळखता का? यावरून किती शिव्या खाल्ल्या असतील. तो सुटाबुटातला गृहस्थ आठवतो का, ज्याची बायको आत होती आणि दार उघडत नव्हती, आणि हा मला दुप्पट मजुरी देत होता? मी शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, दोन महिन्यांपूर्वीच बायकोने घराबाहेर काढलाय त्याला. मी हत्यारांची पेटी उचलून सरळ घरी आलो. तू मला पाणी दिलंस आणि म्हणालीस, बरं केलंत. आणि एकदा तू स्वतःच किल्ली आत विसरून बाहेर अडकलीस. मी पेटी घेऊन आलो तर कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "विचारा आधी शेजारणीला, ही बाई कोण ते." शेजारीण काय हसली होती.

तर असा मी. अज्ञात माणसाला होय कसं म्हणणार? मी नाहीच्या चौकोनावर दाबलं. पाटी गेली, पडदा उजळला. पण मग माझी पंचाईत झाली. मला वाटलं ती पाटी डबीचीच आहे. डबीने आत यायचं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि आता मीच जाऊन तिचं झाकण उघडायचं? हे काही बरोबर नाही. एखाद्याला दारातून परत पाठवायचं आणि मग त्याच्याच खिशात हात घालायचा, असं ते वाटायला लागलं. म्हणून मी डबी उघडलीच नाही. मुलींना म्हटलं, आज कालचीच कॉलर पुन्हा करा, सराव चांगला असतो. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा हजर. पुन्हा नाही, पुन्हा कॉलर. तुझ्या लक्षात आलं होतंच. तू पडद्यातून विचारलंस, आज परत कॉलर का? मी म्हटलं, त्यांची पक्की होऊ दे. पक्की झाली, चांगली पक्की झाली. ती बँकेत काम करणारी आहे ना, जिला तू बँकवाली म्हणतेस, ती एकदा म्हणाली, "काका, आमच्या घरात आता गळ्यांपेक्षा कॉलर जास्त झाल्यात."

मी जावईबापूंना फोन केला. ते कामात होते, तरी थांबले. म्हणाले, बाबा, होय दाबा, सगळे दाबतात, आपलंच आहे ते. मी म्हटलं, आपलं आहे तर अज्ञात का लिहिलंय? ते म्हणाले, कंपनीने नाव नोंदवलं नसेल नीट. मग म्हणाले, फारच त्रास होत असेल तर विचारणंच बंद करता येतं, एक पट्टी आहे, ती खाली ओढली की कोणाचीच पाटी येणार नाही. मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण ते काही मनाला पटेना. एक फेरीवाला रोज कडी वाजवतो म्हणून कोणी दरवाजाच काढून ठेवत नाही. उद्या खरोखरचा चोर आला तर त्याने विचारायला तरी हवं. जावईबापूंचा जीव चांगला आहे. त्यांना म्हाताऱ्याचा त्रास वाचवायचा होता, आणि ते आपलंच आहे हे त्यांचं म्हणणं पुढे खरंच निघालं. फक्त मला ते दिसल्याशिवाय पटत नाही, याला इलाज नाही.

मग मी एक युक्ती काढली, ती तुला सांगायची लाज वाटते पण सांगतो. पाटी येते ती कॉम्प्युटर चालू करताना. म्हणजे तो बंदच केला नाही तर? एका दिवशी मन घट्ट करून होय दाबलं आणि त्यानंतर कॉम्प्युटर बंद केलाच नाही. रात्रंदिवस चालू. धूळ बसू नये म्हणून त्यावर तुझ्या उशीचा अभ्रा घातला, मग तो तापेल म्हणून काढला, मग पुन्हा घातला. जाता येता हात लावून बघायचो, तापाच्या पोरासारखा. क्लास मात्र चालू लागला. मुली कॉलरवरून बाहीवर आल्या. आणि मग एका दुपारी वीज गेली. आली तेव्हा पाटीही आली.

मधल्या काळात दोघी-तिघी यायच्या बंद झाल्या होत्या. त्यांचं काय चुकलं, त्या शिकायला येतात, म्हाताऱ्याचा घोळ बघायला नाही. हे लेकीच्या कानावर गेलं आणि तिने फोनवर म्हटलं, बघा, क्लासही चालत नाहीये, मग आईने तिकडे येऊन करायचं तरी काय? तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की त्या पाटीवर काय काय लटकलंय. क्लास मोडला तर तुला घरी यायला कारण उरणार नाही, निदान लेकीला सांगण्यासारखं तरी.

मी स्टूल ओढलं आणि पाटीसमोर बसलो. म्हटलं, कुलूप अडलं की आपण काय करतो? जोर लावत नाही, आधी कुठे अडलंय ते बघतो. पाटीवर खाली बारीक अक्षरांत होतं, अधिक तपशील दर्शवा. इतके दिवस मी ते पाहिलंच नव्हतं, माझी नजर होय आणि नाही यांच्यामध्येच ये-जा करत होती. ते दाबलं तर एक नाव आलं. डबी उलटी करून बघितली, तिच्या पाठीवर तेच नाव. म्हणजे हा अगदीच परका नव्हता. बँकवाली आली तेव्हा तिला दाखवलं. ती म्हणाली, "काका, डबी म्हणजे नुसतं कपाट आहे. ते कधी काही विचारत नाही. कपाटाबरोबर एक नोकर फुकट आलाय, तो तुमच्या कॉम्प्युटरात राहतो, आणि कॉम्प्युटर उठला की तोही उठून विचारतो, काम करू का? त्याच्यावाचून कपाट उघडतं." मी तिला चार वेळा विचारलं, नक्की उघडतं ना? ती म्हणाली, आमच्या ऑफिसात मी स्वतः त्याला झोपवलाय. कॉम्प्युटरबरोबर कोण कोण उठतं त्याची यादी असते, त्यात त्याचं नाव शोधायचं आणि उठणं बंद करायचं. कोणती बटणं एकदम दाबायची ते तिने सांगितलं आणि ती कामावर पळाली. मी थांब म्हटलं नाही. म्हणणार होतो, पण आवरलं.

क्लासला सुट्टी होती त्या दिवशी मी एकट्याने ते केलं. आधी डबीतले सगळे नमुने कॉम्प्युटरात उतरवून घेतले, म्हणजे काही गडबड झाली तर तुझं काही जायला नको. ती हिरवी रेघ मुंगीसारखी सरकत होती. मी तोवर दुकानातल्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या पुसून ठेवल्या. मग ती तीन बटणं दाबली, यादी उघडली. यादीत बरीच मंडळी होती, बाकी कोणालाही हात लावला नाही. त्या नोकराचं नाव शोधलं, त्यावर उंदराचं उजवं बटण दाबलं, आणि तिथे लिहिलं होतं, अक्षम करा. भीती वाटत होती हे मी लपवत नाही. पण कुलपात तार घालताना ती कधी वाटली नाही, म्हणून मनाशी म्हटलं की हेही कुलूपच आहे, आणि दाबलं. कॉम्प्युटर बंद केला. उठून गॅस बंद आहे का बघून आलो. बंद होता. मग चालू केला.

पाटी आली नाही. मी वाट बघत बसलो, पडदा अंधारायची. नाहीच. मग दुसरी धास्ती, नोकराबरोबर कपाटही गेलं की काय? डबी उघडली. पहिलाच नमुना समोर आला, सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक, गोल गळा, आणि कोपऱ्यात तुझ्या अक्षरात, शिवणीला जागा सोडणे. मी एकटाच खुर्चीवर बसून हसलो. नवीन कुलूप बसवल्यावर मी जसं पुन्हा पुन्हा फिरवून बघतो तसा कॉम्प्युटर दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा गप्प. आणि जावईबापूंना सांग, ती पट्टी मी खाली ओढलेली नाही. परवा प्रिंटरचं काहीतरी नवीन आलं तेव्हा पाटी आलीच. मी तपशील उघडला, नाव वाचलं, ओळखीचं होतं, होय दाबलं आणि चहा ठेवायला गेलो.

क्लास आता भरतो. गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या आणि एक नवीन आली, तिला सुई टोचू नये म्हणून बोटाला टोपण घालायचा कंटाळा आहे, तिला तूच ओरड. बँकवालीने परवा कोटाची बाही उलटी बसवली आणि तू पडद्यातून असा आवाज लावलास की रस्त्यावरचा माणूस दुकानात डोकावला. मागून लेक म्हणत होती, आई, दमशील. मी तुझ्याकडे बघत होतो. तू दमली नव्हतीस. पडल्यापासून पहिल्यांदा तुझ्या गालावर रंग दिसला.

आता घराचं सांगतो. जिना आता तुझ्या वाटेत नाही. सुताराला बोलावून वरचा पलंग सोडवला आणि खाली आणून दुकानात मांडला. दुकानाच्या त्या खोलीला मधोमध लाकडी पडदी घातली. रस्त्याकडच्या भागात माझं टेबल आणि किल्ली कापायचं मशीन, आतल्या भागात, खिडकीकडे, तू. कुलूपवाल्याला किती जागा लागते, नाहीतरी अर्ध्या दुकानात मी नुसता मोडकी कुलपं साठवून बसलो होतो, ती भंगारात दिली. पलंगापासून क्लासच्या खोलीत जायला उंबरठा होता, तो मी स्वतः छिन्नीने तासून सपाट केला, वॉकर अडकणार नाही. मोरीत दोन दांडे बसवले आणि त्यांना माझं सगळं वजन देऊन लोंबकळून बघितलं. मोरीच्या दाराची कडी बदलली, ती आतून लागते, पण काही झालंच तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. उगाच उघडणार नाही, आधी विचारीन. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे आठवडाभर जाऊन बसलो. माणसाला पलंगावरून कसं उठवायचं, कूस कशी बदलायची, ते त्यांनी मलाच आडवं पाडून शिकवलं आणि मग स्वतः आडव्या पडून माझ्याकडून करून घेतलं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, आजोबा, तुम्ही मला उठवताय की किल्लीसारखं फिरवताय? शेवटच्या दिवशी नुसती मान डोलावली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन लेक सगळ्यांना ऐकू येईल असा लावून ठेवते, आणि त्यामुळेच एक गोष्ट मला ऐकू आली, जी तुला मला ऐकवायची नव्हती. बघू म्हणालीस त्याच दिवशी, फोन बंद झालाय असं समजून तू लेकीला म्हणालीस, "मला जायचंय गं, पण त्यांना नाही जमायचं माझं करायला. ते घाबरतात. माझ्यामुळे झुरतील." म्हणून हे पत्र. म्हणूनच त्या पाटीचं एवढं लांबण लावलं, की तुला कळावं, मी घाबरतो हे खरं आहे आणि शेवटपर्यंत घाबरेन, पण घाबरत घाबरत काम पुरं करतो. मी झुरेन या काळजीने तिथे राहू नकोस, झुरतो तो इथे एकटा असताना. तुला तिथे बरं वाटत असेल तर मात्र खुशाल राहा, मी दुकानाला कुलूप घालून तिकडे येईन आणि एक शब्द बोलणार नाही. ते तू रविवारी माझ्या तोंडावर सांग, कारण रविवारी मी गाडी घेऊन येतोय, मागची सीट आडवी होणारी बघून ठरवली आहे. लेकीशी मी बोलतो, तू मध्ये पडू नकोस. आणि निघायचं ठरलं तर एवढं आत्ताच पाठ करून ठेव. उठताना माझ्या गळ्यात हात टाकायचा नाही, नर्सबाई म्हणाल्या दोघंही पडाल. दोन्ही हात पलंगावर दाबायचे, चांगलं पुढे वाकायचं, आणि मी ऊठ म्हटलं की उठायचं, त्याच्या आधी नाही. एवढं तू शीक. बाकीचं मी शिकलोय.

तुझाच,
पडदीपलीकडचा कुलूपवाला